जाम इंजिनाला जोर नको, सबुरी हवी

नरखेड तालुक्यातल्या कोणत्याही संत्र्याच्या गावात जरा आत शिरून पाहा. घराच्या मागे, टिनाच्या छपरीखाली, युरियाची पोती, संत्र्याचे रिकामे क्रेट आणि फवारणीच्या नळ्या यांच्या सोबतीला एखादी ॲम्बेसेडर, एखादी पद्मिनी नाहीतर जुनी जीप उभी दिसेल. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, टपावर कोंबड्या. विचारलेत, तर उत्तर ठरलेले असते : ‘बाबांची गाडी आहे. ते होते तोवर चालत होती. आता इंजिन जाम आहे.’

अशी गाडी विकलीही जात नाही आणि चालवलीही जात नाही. मग एके दिवशी भंगारवाला दारात येतो, किंवा जुन्या गाड्यांचा कुणी शौकीन चौकशी करतो, किंवा घरातल्याच एखाद्या मुलाच्या मनात येते, की चालू करून तर पाहू. खरा धोका त्या दिवशी असतो. पंधरा वर्षांच्या गंजाने जे मोडले नाही, ते एका तासाचा जोर मोडून ठेवतो. म्हणून वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे इंजिन का अडकते आणि ते न मोडता कसे सोडवायचे, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय.

मी काही इंजिनिअर नाही, बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण ज्या मोहल्ल्यात वाढलो तिथे दर चौथे घर मिस्त्र्याचे होते. त्यांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून जे ऐकले, पाहिले, आणि नंतर वाचून ताडून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी शब्दापासून सुरुवात करू. आपल्या विदर्भात ‘गंज’ म्हणजे भात शिजवायचे भांडेही आणि लोखंडाला लागणारा गंजही. या दुसऱ्या गंजाला उर्दूत ‘जंग’ म्हणतात. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी हे तिघे एकत्र आले की तो तयार होतो. तिघांपैकी एक जरी नसला तरी हे काम थांबते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून अधिक जागा गंज व्यापतो. मोकळ्या पत्र्यावर त्याने फरक पडत नाही, तो पापुद्रे होऊन गळतो. पण इंजिनात मोकळी जागा असतेच कुठे? सिलिंडर आणि पिस्टन यांच्यातली फट साधारण केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी. त्या फटीत फुगलेला गंज म्हणजे दाराच्या फटीत ठोकलेली पाचर.

पण इंजिन तर चारी बाजूंनी बंद असते, आत पाणी जाते कसे? तर ते बंद नसते. चार सिलिंडरचे इंजिन कोणत्याही क्षणी थांबवा, त्यातल्या कुठल्या तरी सिलिंडरचा एखादा व्हॉल्व उघडा राहतोच. त्या वाटेने, एअर फिल्टरकडून किंवा सायलेन्सरकडून, बाहेरची हवा आत जाते. दिवसा लोखंड तापते, रात्री निवते. हवा बाहेर पडते, पुन्हा आत ओढली जाते. म्हणजे उभे इंजिनही श्वास घेत असते. आपल्याकडे मे महिन्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या उन्हाळ्यात सिलिंडरच्या भिंतीवर राहिलेला तेलाचा पातळ थर ओघळून, वाळून जातो. मग जून ते सप्टेंबर ओलसर हवा, आणि पुढे हिवाळ्यातले दव. असे दहा-पंधरा फेरे झाले, की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत, दोन्ही बिडाच्या, एकमेकींना धरून बसतात. पिस्टन स्वतः ॲल्युमिनियमचा असतो. त्याला लाल गंज चढत नाही, पण पांढरी भुकटी धरते, तीही तेवढीच हट्टी.

यात आपल्या गोदामाची भर पडते. खताची पोती आणि गाडी एकाच छपरीत ठेवायची सवय वाईट. खतातले क्षार हवेतले पाणी ओढून घेतात, आणि पोटॅशसारख्या खतातला क्लोराइड लोखंडाला फार लवकर खातो. शिवाय उंदीर एअर फिल्टरमध्ये घर करतात, वायरी कुरतडतात. कुंभारमाशी उघड्या नळीत मातीची घरटी बांधते. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी भोवती काय काय राहून गेले आहे, ते नीट पाहावे.

जाम होण्याचे तीन प्रकार आहेत, आणि आपला प्रकार कोणता हे ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिला, उभ्या उभ्या गंजून. गाडी लावली तेव्हा ठीक होती, नंतर अडकली. यात आशा भरपूर. दुसरा, चालता चालता. रेडिएटरचे पाणी आटले, ऑइल संपले, इंजिन तापले आणि थांबले. इथे धातूने धातूला ओरबाडलेले असते. तेल मुरवून ते बरे होत नाही, इंजिन खोलावेच लागते. तिसरा, पुरात बुडून. आपल्या तालुक्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ चा वर्धा नदीचा पूर सांगावा लागत नाही. दोनशेहून अधिक माणसे त्यात गेली; त्यापुढे यंत्रांचे नुकसान बोलण्याजोगेही नव्हते. पण नदीकाठच्या माणसाने एवढे ध्यानात ठेवावे, की बुडालेल्या इंजिनात पाण्याबरोबर गाळही शिरतो. ते उपसून, धुऊन काढण्याआधी एक वळसाही फिरवू नये. म्हणून पहिला प्रश्न गाडीला नाही, घरच्यांना विचारायचा : शेवटची चालवली तेव्हा ती कशी थांबली होती?

आता एका घरची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. संत्र्याची बाग, दोन भाऊ, म्हातारी आई आणि २००८ सालापासून छपरीत उभी असलेली वडिलांची पेट्रोलवरची ॲम्बेसेडर. एक गिऱ्हाईक रविवारी येणार होते. चालू गाडीचा भाव निराळा, बंद गाडीचा निराळा. थोरल्याने नवी बॅटरी आणून ठेवली होती. धाकट्याने ट्रॅक्टरला साखळी बांधून ठेवली होती. टोचन करून, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की कशी फिरत नाही ते पाहू, असा त्याचा हिशोब. ज्या मिस्त्र्याला बोलावले, ते सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी साखळी पाहिली आणि म्हणाले, ‘भाऊ, ताकद नोका लावू. पंधरा वर्षं धरून बसलं हाय ते. पंधरा दिस तरी द्या त्याला.’

त्यांचे म्हणणे का बरोबर होते, ते समजून घेऊ. ट्रॅक्टरच्या ओढीपुढे अडकलेली रिंग टिकत नाही. ती तुटते, तुकडा सिलिंडरच्या भिंतीवर रेघ ओढतो. नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. एखादा व्हॉल्व उघडा अडकलेला असेल, तर त्याचा पुश रॉड तरी वाकतो. सेल्फ मारत राहिले, तर फ्लायव्हीलच्या रिंगेचे दात जातात, वायरी तापतात. आणि हे भाग आता सहज मिळत नाहीत. पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटली, ॲम्बेसेडरचे २०१४ साली थांबले. पूर्वी जो पिस्टन तालुक्याच्या दुकानात मिळे, त्यासाठी आता शोधाशोध करावी लागते. गंजलेले इंजिन बरे होऊ शकते, मोडलेले बदलावे लागते.

मिस्त्र्यांनी सुरुवात निदानापासून केली. बॅटरी काढलेलीच ठेवली. गाडी न्यूट्रल करून फॅन बेल्ट काढला, कारण कधी कधी इंजिन मोकळे असते आणि अडकलेला असतो पाण्याचा पंप किंवा डायनॅमो. सेल्फ खोलून पाहिला, त्याचा दात रिंगेत अडकलेला असू शकतो. गाडी ढकलून न्यूट्रलमध्ये चाके फिरतात का पाहिले, म्हणजे ब्रेकचा दोष इंजिनाच्या माथी यायला नको. हे सगळे निर्दोष निघाल्यावर ते म्हणाले, अडकलेय ते आतच.

मग ऑइलची पट्टी. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी आहे. पातळी खुणेच्या वर असेल, तर पाणी किंवा पेट्रोल उतरले आहे. खालचा ड्रेन नट सैल केला की आधी पाणी येते, मग तेल. पाणी जड, ते तळाशी बसते. पाणी जास्त निघाले आणि रेडिएटर रिकामा असला, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. या गाडीत चमचाभर पाणी निघाले. पंधरा पावसाळ्यांच्या मानाने ते काहीच नव्हे.

त्यानंतर चारही प्लग काढायचे. काढण्याआधी त्यांच्या भोवतीची माती फुंकून, ब्रशने साफ करायची. नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लगही गंजलेला असतो. मुळाशी तेल सोडून एक रात्र थांबावे, मग थोडा सैल, थोडा घट्ट, असा हलवत काढावा. डिझेल गाडी असेल, तर प्लगच्या जागी नोझल काढायचे. मग बॅटरीच्या उजेडात आत डोकावायचे. या गाडीचे दोन सिलिंडर स्वच्छ होते, एक तांबूस, आणि तिसऱ्या नंबरचा चांगलाच लाल.

आता औषध. बाजारात गंज सैल करणारे फवारे मिळतात, ते चालतात. काही मिस्त्री गिअरचे पातळ लाल तेल आणि ॲसिटोन समभाग मिसळतात. ते फार आत शिरते; पण ॲसिटोन चटकन पेट घेतो, रंगही खातो, म्हणून विडी-काडीपासून दूर आणि उघड्या हवेतच वापरावे. काहीच नसेल, तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून घ्यावे. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाच्या अर्ध्या कपाएवढे ओतायचे आणि प्लगची भोके कापडाने झाकायची. दिव्याच्या वातीत तेल जसे आपोआप चढते, तसे हे तेल त्या केसभर फटीत आपोआप ओढले जाते. त्याला ढकलावे लागत नाही, पण घाईही चालत नाही. रोज पाहावे. पातळी उतरत असेल, तर शुभ समजावे. तेल रिंगांपलीकडे पोचते आहे. उतरले की पुन्हा घालावे.

पहिले तीन दिवस फिरवण्याचा प्रयत्नच करायचा नाही. चौथ्या दिवशी मिस्त्री आले, त्यांनी क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावला आणि फक्त हाताच्या जोराने एकदा पुढे, एकदा मागे असा दाब दिला. पान्याला लांब पाइप जोडायचा नाही. पाइपने हाताचा अंदाज जातो, आणि काय तुटते आहे ते कळेपर्यंत तुटलेले असते. उलट दिशेने दाबताना नट सैल होत नाही ना, तेही पाहायचे. जुन्या गाड्यांना पुढून हँडल घालण्याची सोय असते, तिचाही असाच उपयोग होतो. किंवा सपाट जमिनीवर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून, प्लग काढलेले ठेवून, दोघांनी हाताने पुढे-मागे झुलवायची. टॉप गिअरच का? कारण चाकाचा जोर त्यात इंजिनापर्यंत सर्वांत जास्त पोचतो.

चौथ्या दिवशी काही हलले नाही. सहाव्या दिवशीही नाही. रविवार आला, गिऱ्हाईक आले, गाडी पाहून बंद गाडीचा भाव सांगून गेले. थोरला चिडला. साखळी अजून ट्रॅक्टरलाच होती. आई एवढेच म्हणाली, ‘विका. पण चालती करून विका.’ त्यावर कुणी काही बोलले नाही.

नवव्या दिवशी पुली बोटभर सरकली. अशा वेळी आनंदाने पूर्ण फेरा मारायचा मोह होतो, तो आवरावा. सरकली तेवढीच परत आणायची. सुटलेला गंज रिंगांपुढे गोळा झालेला असतो. सरळ रेटले, तर तोच पाचर होऊन पुन्हा अडकवतो. थोडे पुढे, थोडे मागे, पुन्हा तेल. संध्याकाळपर्यंत पाव फेरा झाला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण.

हे जमले नसते तर? तर हेड खोलायचे. ते खोलले की पिस्टनच्या वर उरलेला गंज तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. मग पिस्टनच्या मापाचा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर हातोडीने हलके ठोके द्यायचे. लोखंडाने थेट कधीच नाही. आणि जो पिस्टन अगदी वर किंवा अगदी तळाशी आहे, त्याला ठोकून उपयोग नसतो. तिथे रॉड सरळ उभा असतो, ठोका क्रँकला फिरवत नाही, नुसता बेअरिंगवर बसतो. अधल्यामधल्या पिस्टनलाच ठोकावे. काही जण गॅसच्या ज्योतीने सिलिंडर तापवतात. तेल आणि पेट्रोलची वाफ भरलेल्या ठिकाणी हा खेळ जिवावर बेतू शकतो.

इंजिन फिरले म्हणजे काम झाले, असे नाही. पुढची चूक इथेच होते. टॅपेट कव्हर काढून एकाने पान्याने इंजिन फिरवावे आणि दुसऱ्याने व्हॉल्व पाहावेत. क्रँकचे पूर्ण दोन फेरे झाले की आठही व्हॉल्व एकदा दबून परत यायला हवेत. या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व दबला, तो वर आलाच नाही. दांडीवर तेल सोडून, लाकडाने हलके ठोकत, तो दीड दिवसात सुटला. तसाच सेल्फ मारला असता, तर पुश रॉड गेला असता.

आणखी एक सावधगिरी. सिलिंडरमध्ये ओतलेले तेल आतच असते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. प्लग लावून सेल्फ मारला, तर पिस्टन त्या तेलावर आपटतो आणि रॉड वाकतो. म्हणून नवे ऑइल, नवा फिल्टर टाकून आधी प्लग काढलेलेच ठेवायचे, भोकांवर कापड धरायचे आणि थोडा थोडा सेल्फ मारायचा. जुने तेल बाहेर उडते, ऑइल पंप नवे तेल वर चढवतो. तोंड त्या भोकांसमोर नको, ठिणगी जवळ नको. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, त्याचा राळेसारखा चिकटा झालेला असतो. कार्बोरेटर धुवावा. रेडिएटरच्या नळ्या दाबून पाहाव्यात.

बाराव्या दिवशी ती ॲम्बेसेडर सुरू झाली. सायलेन्सरमधून निळा-पांढरा धूर निघाला; आत मुरवलेले तेल जळत असते, ते स्वाभाविक आहे. पण हे छपरीच्या बंद भागात करू नये, तो धूर विषारी असतो. पहिल्या खेपेला दहा-पंधरा सेकंदच चालवावे, ऑइलचा दिवा विझतो की नाही ते पाहावे. नाही विझला, तर लगेच बंद. ठीक असेल, तर अर्धा तास चालवून ते ऑइलही बदलावे, कारण सुटलेला गंज त्यातच आलेला असतो. आणि इंजिन चालू झाले म्हणून गाडी लगेच रस्त्यावर काढू नये. पंधरा वर्षे उभ्या गाडीचे ब्रेक इंजिनाइतकेच गंजलेले असतात.

मग प्रश्न उरतो, एवढे करून पदरात काय? त्या गाडीचे तीन सिलिंडर चांगले दाब देऊ लागले. तिसऱ्या नंबरचा कमी देतो, धूर काढतो. त्याच्या भिंतीवर खड्डे पडले असतील, तर बोअर करून घ्यावे लागेल किंवा लायनर बसवावा लागेल. तो खर्च करायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आता तो ठरवता येतो. कागदांचाही विचार हवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओकडे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. विमा आणि पीयूसी वेगळेच. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने निराळे नियम केले आहेत. मोडीतच द्यायची ठरली, तर नोंदणी असलेल्या केंद्रातच द्यावी आणि दाखला घ्यावा.

हीच रीत विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनालाही लागू आहे. वीजपंप आल्यावर ती इंजिने बागेच्या कोपऱ्यात बसली. त्यांनाही तेल, वेळ आणि हाताचाच जोर लागतो. त्यांचे चाक मोठे असते, म्हणून अंगाचा जोर लावायचा मोहही मोठा.

ज्यांची गाडी या वर्षी उभी राहणार आहे, त्यांना हे सगळे टाळता येईल. उभी करण्याआधी ऑइल बदला. टाकीतले आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल घालून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि महिन्यातून एकदा तेवढेच करा. बॅटरी काढा, गाडी ठोकळ्यांवर घ्या, खताची पोती दुसरीकडे हलवा. एअर फिल्टरचे आणि सायलेन्सरचे तोंड तेलकट कापडाने बंद करा, आणि कापड लावल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा. गाडी पुन्हा सुरू करणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल. त्या चिठ्ठीची गरज त्याला पडेल.

‘सबुरी’ हा आपल्या मराठीतला रोजचा शब्द. मूळचा तो अरबीतला ‘सब्र’. आमच्या मोहल्ल्यात नमाजानंतरच्या दुआतही तो येतो आणि गॅरेजमध्ये पाना हातात घेतानाही. मिस्त्री लोक त्याचा अर्थ हातावर हात ठेवून बसणे असा करत नाहीत. रोज तेल घालायचे, रोज पाहायचे, आणि ज्या दिवशी हलत नाही त्या दिवशी पाना खाली ठेवायचा, असा करतात. त्या घरच्या ट्रॅक्टरची साखळी अखेर सुटली आणि संत्र्याच्या गाडीला लागली. ॲम्बेसेडर अजून विकलेली नाही. थोरला भाऊ महिन्यातून एकदा ती सुरू करतो.